मान, पाठ, कंबरेचं जुनाट दुखणं: फिजिओथेरपीचे उपचार कसे ताडून बघायचे आणि आपल्यासाठी कसे निवडायचे

"दहा सिटिंग घेतली. मशीन लावलं तेवढे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच." मुंबईत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना हे वाक्य मी सतत ऐकते. सांगणारी कधी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारी बँकेतली ताई असते, कधी दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणारा धारावीतला कारागीर, कधी घरूनच लॅपटॉपवर काम करणारा पोरगा. यांतल्या बहुतेकांना दिलेला उपचार चुकीचा नसतो. तो कशासाठी दिलाय, किती दिवस घ्यायचा आणि त्याच्या जोडीला स्वतः काय करायचं, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. त्यामुळे 'टेन्सचं (मुंग्या आणणारं विजेचं) मशीन चांगलं की सुया चांगल्या, मालिश चांगली की व्यायाम' हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहतो.

माझं मत आधीच सांगते. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकलेलं दुखणं वैद्यकात जुनाट धरतात. अशा स्नायूंच्या दुखण्यात मशीन, मालिश, सुया या गोष्टी ठणका काही काळ खाली आणतात आणि तेवढ्या काळात हालचालीला वाव मिळतो. त्या वावात स्नायूची ताकद वाढवली तर फरक टिकतो. पुढची सगळी तुलना या एका कसोटीवर केली आहे.

पहिली पायरी: दुखणं स्नायूचंच आहे ना, याची खात्री

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण हिच्यावाचून पुढे जाऊ नका. खाली दिलेल्यांपैकी काहीही असेल तर फिजिओच्या आधी डॉक्टर गाठायचा.

- लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं. यात त्याच दिवशी हॉस्पिटल, उद्यावर ढकलायचं नाही.
- डावा खांदा, हात किंवा जबडा दुखणं आणि सोबत घाम, धाप, छातीवर दडपण. हे हृदयाचं असू शकतं.
- संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणं आणि पाठीत एकाच जागी दुखणं. मुंबईत मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही, तो वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो.
- पूर्वी कॅन्सर झालेला असणं, नुकताच अपघात किंवा पडणं, आडवं होऊनही न थांबणारं रात्रीचं दुखणं.
- एकाच पोटरीत दुखणं, सूज आणि गरमपणा. रक्ताची गुठळी असू शकते, तिथे मालिश अजिबात नको.

यांखेरीज थोडं बारकाईनं बघण्याच्या गोष्टी आहेत. पंचेचाळिशीच्या आत कंबरदुखी सुरू झाली, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेलं वाटतं आणि चालल्या-फिरल्यावर मोकळं होतं, असं असेल तर ती संधिवाताच्या प्रकारातली असू शकते. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी उचलेनासे होत असतील तरीही डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड कमी असणं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, कोलेस्टेरॉलसाठी चालू असलेली स्टॅटिनची गोळी, यांनीही अंगभर स्नायू दुखतात. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं. हे रक्ततपासणीनं आणि पाच मिनिटांच्या चौकशीनं कळतं. गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

एमआरआयबद्दल एक गोष्ट. 'डिस्क बल्ज', म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं, हे शब्द वाचून माणसं वाकायचीच सोडतात. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांच्या मणक्याच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, आणि बल्ज विशीतल्या ३० टक्क्यांत होता. अहवालात बल्ज लिहिलंय म्हणून दुखणं त्याचंच, असं धरून चालू नका. अहवाल तुमच्या लक्षणांशी जुळतो का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दुसरी पायरी: उपचाराआधी एक आठवडा मोजमाप

दोन उपचारांची तुलना करायची तर आधी पट्टी हवी. जुनाट दुखणं आपोआप वर-खाली होत असतं, आणि माणूस फिजिओकडे येतो तो दुखणं शिगेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही केलं, अगदी काही केलं नाही, तरी ते थोडं उतरतंच. तेव्हा जे चालू असेल त्याला श्रेय मिळतं. म्हणून निदान आठवडाभर आधीची नोंद हवी.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री झोपण्यापूर्वी एक आकडा लिहा: ० म्हणजे काही दुखत नाही, १० म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट. त्याखाली झोप कशी झाली, एवढंच. शिवाय आठवड्याच्या सुरुवातीला अशी तीन कामं निवडा जी दुखण्यामुळे अडतात आणि तुम्हाला मनापासून परत हवी आहेत. ती रोजच्या जगण्यातली असू द्या: डब्याची पिशवी खांद्याला लावून दादरचा पूल चढणं, पोळ्या होईपर्यंत ओट्याशी उभं राहणं, नातवाला उचलून घेणं, उजव्या कुशीवर झोपणं. प्रत्येकाला ० ते १० गुण द्या, इथे ० म्हणजे जमतच नाही आणि १० म्हणजे पूर्वीसारखं जमतं.

दुखण्याचा आकडा निदान २ नं किंवा साधारण ३० टक्क्यांनी उतरला तर तो फरक खरा धरतात. ७ चे ६ झाले तर तो रोजचा चढउतारही असू शकतो, ७ चे ५ किंवा ४ झाले आणि टिकले तर उपचार लागू पडतोय. कामांचे गुण मी दुखण्याच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचे मानते. पूल चढता येऊ लागला पण दुखणं ५ वरच आहे, तरी ती प्रगतीच.

तिसरी पायरी: प्रत्येक उपचार काय करतो, किती टिकतो

*शेक.* सर्वांत स्वस्त, आणि आखडलेल्या स्नायूला खरंच आराम देणारा. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. क्लिनिकमधल्या हॉट पॅकमध्ये याहून वेगळं काही नसतं, त्यासाठी रोज रिक्षा करून जाऊ नका. ताज्या मुरगळण्यावर बर्फ बरा वाटतो, जुनाट दुखण्यात ज्याला जे सोसेल ते. मधुमेहामुळे पायाला संवेदना कमी असेल तर शेक देताना भाजतं आणि कळत नाही, तेव्हा आधी हातानं तपासा किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्या. शॉर्टवेव्ह डायथर्मी हा खोलवरचा शेक असतो. पेसमेकर, शरीरात बसवलेली धातूची पट्टी, गरोदरपण किंवा कॅन्सर असेल तर तो घ्यायचा नाही.

*टेन्स आणि आयएफटी.* त्वचेवर पॅड चिकटवून हलका वीजप्रवाह सोडतात आणि मुंग्या येतात, ते मशीन हेच. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत एक प्रकारचं दार असतं: स्पर्शाचे संदेश जोरात आले की दुखण्याचे संदेश मेंदूपर्यंत कमी पोहोचतात. टेन्सची कल्पना यावरच उभी आहे. आयएफटीत साधारण ४००० हर्ट्झचे दोन प्रवाह शरीरात एकमेकांना छेदतात, म्हणून ते त्वचेला कमी टोचतात. आराम मुख्यतः मशीन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात टेन्स नित्याच्या उपचारात देऊ नये असं म्हटलंय. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये टेन्स आणि आयएफटी दोन्हींना नकार दिलाय. मी ते वापरते का? दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नसेल तर सुरुवातीच्या काही भेटींत, व्यायामाच्या आधी. दोन आठवड्यांनंतरही कुणी फक्त तेच लावून सोडत असेल तर प्रश्न विचारायला हवा. पेसमेकर असेल तर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला नाही. गरोदरपणात पोट-कंबरेवर नाही.

*अल्ट्रासाउंड.* जेल लावून मशीनचं डोकं गोल फिरवतात ते. १ मेगाहर्ट्झचं डोकं खोल जातं, ३ मेगाहर्ट्झचं वरच्या थरापुरतं. आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की हे नसेल तर लोकांना फिजिओ झालीच नाही असं वाटतं. जुनाट कंबरदुखीत मात्र याचा उपयोग फारसा सिद्ध झालेला नाही, आणि वर सांगितलेल्या दोन्ही संस्थांनी याला नकार दिलाय. माझा सल्ला, जुनाट स्नायूदुखीत यावर पैसे घालवू नका.

*ट्रॅक्शन आणि बेल्ट.* कंबर ओढून धरण्याचं मशीन आणि कमरेचा पट्टा, दोन्हींना २०२३ च्या सूचनांत नकार आहे. ट्रेनमधून लांबचा प्रवास करताना पट्ट्यानं धीर येतो म्हणून बांधला तर हरकत नाही, पण दिवसभर बांधून ठेवू नका.

*हातांचे उपचार.* मालिश, स्नायूतल्या गाठींवर दाब, सांधे हलवून मोकळे करणं हे सगळं यात येतं. हे जवळून दाखवते. मानदुखीच्या एका ताईंच्या उजव्या खांद्यावर, मान आणि खांद्याच्या मधोमध, अंगठा ठेवला तर तारेसारखी ताठ दोरी लागली. तिच्यावर हळूहळू दाब वाढवला तसा त्यांचा हात आपोआप कानामागे गेला: "इथे, इथे येतंय, अगदी कपाळाच्या बाजूपर्यंत." त्यांचं नेहमीचं डोकं दुखणं अगदी त्याच वाटेनं जायचं. अशा जागांना ट्रिगर पॉइंट म्हणतात, आणि त्यांचे नकाशे जेनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी तयार केले. दीड मिनिट तसाच दाब धरला, दोरी थोडी सैल झाली, मान उजवीकडे आणखी वळली. त्या उठून बसल्या तेव्हा चेहरा उजळला होता. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा आखडलं. हातांच्या उपचाराचं बळ आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांत मालिश आणि मणक्याच्या हाताळणीला जागा आहे. नाइस मात्र सांगते की हातांचे उपचार व्यायामासोबतच द्यावेत, नुसते देऊ नयेत.

इथे एक कळकळीची विनंती. सलूनमध्ये चंपीनंतर झटका देऊन मान 'मोडून' घेऊ नका. मानेला झटका बसून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची आणि पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. असं क्वचित घडतं, पण त्याचा परिणाम आयुष्यभराचा असतो.

*ड्राय नीडलिंग.* केसासारखी बारीक, पोकळ नसलेली, औषध नसलेली सुई त्या ताठ दोरीत घालतात, स्नायू एकदम फडफडतो आणि मग सैल पडतो. काही आठवड्यांपुरता फरक पडतो असं दिसतं, आणि नाइसनं २०२१ मध्ये जुनाट दुखण्यासाठी सुयांचा एक कोर्स करून बघायला हरकत नाही असं म्हटलंय. एक कोर्स, कायमची सवय नव्हे. नंतर एक-दोन दिवस जागा ठणकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे. खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुया घेतल्यानंतर त्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं तर लगेच हॉस्पिटलला जा, कारण क्वचित फुप्फुसाला इजा होऊ शकते.

*टेप, कप, शॉकवेव्ह.* रंगीत टेप १९७० च्या दशकात जपानमध्ये केन्झो कासे यांनी आणली. खोट्या टेपच्या तुलनेत तिचा फायदा बऱ्याच अभ्यासांत नगण्य निघालाय. कपिंगनं पाठीवर गोल डाग पडतात आणि थोडा वेळ हलकं वाटतं, भक्कम पुरावा नाही. शॉकवेव्ह, म्हणजे दुखऱ्या जागी दाबलहरींचे ठोके देणारं मशीन, टाचेच्या दुखण्यात आणि खांद्यात कॅल्शियम साचलं असेल तेव्हा कामाचं असतं. मान-पाठीच्या साध्या स्नायूदुखीसाठी त्यावर मोठी रक्कम मोजू नका.

*व्यायाम.* सर्वांत जास्त पुरावा इथे आहे. २०२१ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीवरचे २४९ अभ्यास एकत्र तपासले. उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं १०० गुणांच्या पट्टीवर सरासरी १५ गुणांनी कमी होतं. हा चमत्कार नाही हे खरं, पण यात पेसमेकरची आडकाठी नाही, भाजण्याची भीती नाही, आणि झोप, मधुमेह, रक्तदाब यांनाही फायदा होतो. योग, पिलाटीस, वजनं, चालणं यांतलं नेमकं कुठलं, याचा फरक तुलनेनं छोटा आहे, चालू ठेवणं जास्त मोलाचं.

मानेसाठी माझ्या मनात घर केलेला अभ्यास डेन्मार्कचा, २०११ चा. मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांना तीन गटांत विभागलं. एका गटानं आठवड्यातले पाच दिवस रबरी पट्टीनं हात बाजूला उचलण्याचा एकच व्यायाम दिवसाला फक्त २ मिनिटं केला, दुसऱ्यानं १२ मिनिटं, तिसऱ्यानं काहीच नाही. १० आठवड्यांनी २ मिनिटंवाल्यांचंही दुखणं लक्षणीय उतरलं होतं. वेळ नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते.

चौथी पायरी: तुमच्या दुखण्याला काय जुळतं

खुर्चीतलं काम आणि मान-खांदा भरून येणं: दोन-तीन भेटींत हातांचे उपचार, लगेच ताकदीचे व्यायाम. नुसतं स्ट्रेचिंग बहुतेकांना पुरत नाही, कारण हा स्नायू आखूड झालेला असतो त्यापेक्षा दमलेला जास्त असतो.

उभं राहून किंवा ओझं उचलून कंबर धरणं, म्हणजे फेरीवाले, नर्स, हमाल, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या ताई: उचलण्याची ताकद वाढवणारे व्यायाम आणि चालणं. 'वाकू नका' हा सल्ला यांना निरुपयोगी आहे, कारण वाकण्यावरच पोट आहे. वाकण्याची क्षमता वाढवायची. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की कंबरदुखीतून सावरल्यावर टप्प्याटप्प्यानं चालणं वाढवलेल्यांना पुढचा त्रास मध्यकाच्या (रांगेतल्या मधल्या माणसाच्या) हिशेबानं २०८ दिवसांनी झाला, बाकीच्यांना ११२ दिवसांनीच.

अंगभर दुखणं, झोपूनही न जाणारा थकवा, विसरभोळेपणा, म्हणजे फायब्रोमायल्जियासारखं चित्र: निदान डॉक्टरांकडून करून घ्या. युरोपच्या संधिवात संघटनेनं २०१६ मध्ये यासाठी ठामपणे शिफारस केलेला उपचार एकच आहे, व्यायाम. पण तो फार हळू वाढवायचा. यांच्यात जोरदार मालिश आणि खोल सुया बहुधा त्रास वाढवतात. झोप आणि मनावरचा ताण यांच्यावर काम करणारा समुपदेशक बरोबर असेल तर उत्तम, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुखणं खरंच असतं.

पाचवी पायरी: मुंबईत कुठे जायचं, काय विचारायचं

खासगी क्लिनिक परवडत नसेल तर परळचं केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे केसपेपर काढून आधी ओपीडीतल्या डॉक्टरांना दाखवायचं, ते फिजिओकडे पाठवतात. हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. रांग असते, रोज जाणं नोकरदाराला झेपत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच सांगा: "मला रोज यायला जमणार नाही, घरचे व्यायाम लिहून द्या, दोन आठवड्यांनी तपासायला येते." ही मागणी रास्त आहे आणि बहुतेक ठिकाणी मान्य होते.

खासगीत जाताना पदवी विचारा. आपल्याकडे ती बीपीटीएच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, इंटर्नशिपसकट साडेचार वर्षांची चालत आलेली. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असतो, नसेल तर मागा. मालिशवाला आणि हाडवैद्य यांच्याकडे ही नोंदणी नसते.

पहिल्या भेटीत चाळीसएक मिनिटं तुमच्याशी बोलण्यात आणि तपासण्यात गेली पाहिजेत. तुम्ही काय काम करता, कशा अवस्थेत बसता-उभे राहता, कुठली हालचाल दुखवते, कुठली आराम देते. कपडे न सरकवता, हात न लावता, दहा मिनिटांत मशीनखाली झोपवलं तर ते क्लिनिक तुमच्यासाठी नाही. मग हे तीन प्रश्न विचारा: माझं दुखणं कशानं टिकून राहिलंय असं तुम्हाला वाटतं? किती आठवड्यांत फरक दिसायला हवा? तो नाही दिसला तर काय बदलाल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवा. तीस सिटिंगचं पॅकेज आधी भरायला लावत असतील तर थांबा. चार-पाच भेटींचे पैसे देऊन सुरू करा.

सहावी पायरी: सहा आठवड्यांची स्वतःची चाचणी

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सुया, टेप, नवी गादी आणि योगाचा क्लास एकाच आठवड्यात सुरू केले तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळणार नाही.

पहिले दोन आठवडे: जो आराम देणारा उपचार निवडलाय तो, सोबत हलका व्यायाम. तिसऱ्या आठवड्यात आराम देणारा उपचार पूर्ण थांबवा, व्यायाम चालू ठेवा, कॅलेंडरवरचे आकडे बघा. आकडा जागेवर राहिला तर त्या उपचाराची गरज संपली. चढला, तर चौथ्या आठवड्यात एकदा घ्या, आणि व्यायामाचं ओझं आकड्यांप्रमाणे जुळवा. सहाव्या आठवड्याच्या शेवटी तीन कामांचे गुण पुन्हा द्या. सरासरी निदान २ गुणांनी वाढ नसेल तर उपचार बदला किंवा डॉक्टरांकडून फेरतपासणी करून घ्या. तोच उपचार आणखी दहा सिटिंग करत बसू नका.

सातवी पायरी: व्यायाम, दहा बाय बाराच्या खोलीत

मान-खांद्यासाठी एक लिटरची पाण्याची बाटली दोन्ही हातांत. एक लिटर म्हणजे एक किलो, वजनं विकत घ्यायची गरज नाही. उभं राहून कोपर किंचित वाकवून हात बाजूनं खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, सावकाश खाली आणा. एक किलो जड वाटलं तर बाटली अर्धी भरा. बारा ते पंधरा वेळा, शेवटचे दोन-तीन जरा कष्टानं जमतील असं वजन निवडा. थोडी विश्रांती, पुन्हा एकदा. मग खिडकीच्या ग्रिलला रबरी पट्टी अडकवून दोन्ही कोपरं मागे ओढा, तेवढेच वेळा. आठवड्यातून तीन दिवस.

कंबरेसाठी: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं दहा वेळा. मग तांदळाची दोन किलोची पिशवी स्टुलावरून उचलणं: मागे बसल्यासारखी नितंबं न्यायची, पाठ सरळसर, पिशवी अंगाजवळ. जमली की जमिनीवरून. मग तीन किलो, मग पाच. रोजचं चालणं दहा मिनिटांपासून सुरू करून तीस मिनिटांपर्यंत न्या. संध्याकाळी एक स्टेशन आधी उतरणं काहींना सोयीचं पडतं.

व्यायाम करताना दुखणं १० पैकी ४ पर्यंत गेलं आणि चोवीस तासांत पूर्वीवर आलं तर काळजी नाही. नवा व्यायाम सुरू केल्यावर एक ते तीन दिवस स्नायू अवघडल्यासारखे दुखतात, ते इजा झाल्याचं लक्षण नव्हे. चोवीस तासांनंतरही मूळ दुखणं वरच राहिलं, तर व्यायाम बंद न करता वजन किंवा संख्या अर्धी करा. हातापायात मुंग्या किंवा कळ पुढे पुढे सरकू लागली तर थांबा आणि दाखवा.

दुखणं पुन्हा उसळलं तर

उसळणार, हे गृहीत धरा. गणपतीच्या दिवसांत तासन्‌तास उभं राहणं, पावसाळ्यात गाड्या बंद पडून स्टेशनवर ताटकळणं, परीक्षेच्या किंवा आजारपणाच्या काळातली अपुरी झोप, काहीही निमित्त पुरतं. त्या दोन-तीन दिवसांसाठी आधीच कागदावर लिहून ठेवा: शेक दिवसातून दोनदा, चालणं घरातल्या घरात पण रोज, बाटलीचं वजन अर्धं, आणि एक भेट फिजिओची हवी असेल तर ती. पूर्ण अंथरुण धरू नका, त्यानं बरं व्हायला जास्त वेळ लागतो. आठवड्यात आकडा खाली आला नाही, किंवा पहिल्या पायरीतलं एखादं लक्षण नव्यानं दिसलं, तर डॉक्टर. आकडा उतरला की दोन आठवड्यांत जुन्या वजनावर परत या, आणि तीन महिने ठीक गेले की व्यायाम आठवड्यातून दोनदा ठेवलात तरी चालेल.